रोडोकॉकस ओपॅकस या जिवाणूमध्ये तेल कमी भरतंय, मदत हवी आहे

पीडी६३० वाण, ५०० मिलिच्या फ्लास्कमध्ये १०० मिलि माध्यम, ३० अंश, २०० आरपीएम. लिटरला ग्लुकोज ४० ग्रॅम, अमोनियम सल्फेट १.४ ग्रॅम, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर वजनाने साधारण ५४. नायट्रोजन संपला की हा जिवाणू तेल साठवतो, त्यामुळे तिथे गडबड नसावी. पण अमोनियम वापरलं जाताना पीएच ७ वरून ५ च्या खाली उतरतो, वाढ थांबते, निम्मं ग्लुकोज तसंच उरतं. नाइल रेडने (तेल दाखवणारा रंग) पेशीतले थेंब चमकतात, तरी क्लोरोफॉर्म-मिथेनॉल या द्रावकाने कोरड्या वजनाच्या जेमतेम २० टक्के तेल निघतं. (पेशीची मायकोलिक आम्लाची भिंत चिवट, हे मान्य.)

पीएच टिकवायला फॉस्फेट बफर वाढवावा की सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं द्यावं? पेशी फोडायला बीड मिलिंग (बारीक मण्यांसोबत घुसळणं) पुरेल का? यीस्ट एक्स्ट्रॅक्ट कृपया सुचवू नका, त्यातून नायट्रोजन परत वाढतो.