ड्रिलचा चार्जर बॅटरी चार्जच करत नाहीये, मदत हवी आहे

कॉर्डलेस ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी चार्जरवर बसवली की हिरवा दिवा क्षणभर लागतो, मग लाल लुकलुकत राहतो. आधी वाटलं बॅटरीच गेली. पण मल्टिमीटरवर ती १७.८ व्होल्ट दाखवते, म्हणजे पाच सेलमध्ये प्रत्येकी साधारण ३.५६; इतकी काही उतरलेली नाही. दुसरी बॅटरी लावली तरी तेच.

चार्जरच्या पत्र्या नीट बघितल्या. तापमान-सेन्सरच्या पत्रीवर काळपट डाग आहे, शिवाय ती जरा आत दबलीये. थर्मिस्टरचं (म्हणजे त्याच तापमान-सेन्सरचं) रीडिंग मिळालं नाही तर चार्जर सुरूच होत नाही, म्हणून माझा संशय तिथेच आहे. प्लग काढून पत्री हलकेच वर उचलू का, की आधी बोर्ड तपासू? आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, त्यामुळे चार्जर अजून उघडलेला नाही. कुणी असा चार्जर दुरुस्त केला असेल तर प्लीज सांगा, काम अडलंय.