एकाच ट्रेमध्ये भाजलेले सॉसेज आणि भाज्या : बटाटे कच्चे आणि बाकीच्या भाज्या लिबलिबीत का होतात?

प्रश्न

दिवसभराचे काम आटोपल्यावर स्वयंपाकघरात फार वेळ उभे राहावे लागू नये आणि घासायची भांडीही मोजकीच निघावीत, या हेतूने मी गेले काही आठवडे सॉसेज आणि भाज्या एकाच भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजून पाहते आहे. हा प्रकार इतका सोपा सांगितला जातो की तो बिघडू शकतो हे कबूल करायलाही संकोच वाटतो, परंतु माझ्या हातून तो सलग तीन वेळा बिघडला आहे.

माझी पद्धत अशी आहे : सहा सॉसेज, तीन मध्यम बटाटे, दोन गाजरे, एक मोठा कांदा, एक ढोबळी मिरची, एक झुकिनी आणि मूठभर चेरी टोमॅटो असे सर्व जिन्नस काचेच्या खोलगट भांड्यात घालते, त्यावर तेल, मीठ आणि मिरपूड घालून हाताने कालवते आणि ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ४० मिनिटे ठेवते. भांडे बाहेर काढले की तळाशी पाणी साचलेले असते, झुकिनी चमच्याने उचलताना फाटते आणि बटाट्याच्या फोडीत मात्र सुरी मध्यावर येऊन अडते. सॉसेजला वरून रंग येत नाही. पहिल्या दोन वेळी त्यांतील एक-दोन फुटले, म्हणून तिसऱ्या वेळी मी सगळ्यांना काट्याने टोचे मारले, तर ते फुटले नाहीत, पण खाताना कोरडे आणि भरभरीत लागले. यात नेमके काय चुकते आहे आणि सगळे जिन्नस एकाच वेळी नीट भाजले जाण्यासाठी काय करावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे तळाशी साचलेले पाणी, कारण आपल्या तक्रारींपैकी निम्म्या त्यातूनच निघाल्या आहेत. भाज्या खरपूस होण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंशांच्या वर जावे लागते, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत ते १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते, कारण ओव्हनची सारी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खोलगट भांड्यात भाज्या एकमेकींवर रचल्या गेल्या की ती वाफ उंच कडांच्या आत कोंडते, आणि मग आपण भाजायला ठेवलेली भाजी प्रत्यक्षात वाफवली जाते. आपल्या भांड्यात नेमके हेच झालेले दिसते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे भांडे बदलावे. बोटभर उंचीच्या कडा असलेला धातूचा रुंद ट्रे घ्यावा आणि त्यात सगळे जिन्नस एकाच थरात, मधून मधून ट्रेचा तळ दिसेल इतके सुटे मांडावेत. साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये माझ्या अंदाजाने चार-पाच सॉसेज आणि पाऊण किलो चिरलेली भाजी बसते. त्याहून जास्त करायचे असेल तर दुसरा ट्रे काढावा, पण दाटी करू नये. काचेचे भांडे अगदी वाईट असे नाही, मात्र ते सावकाश तापते आणि त्यात फोडींची खालची बाजू लवकर खरपूस होत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. या पदार्थाला १८० अंश कमी पडतात. साध्या ओव्हनला २१० ते २२० अंश ठेवावेत आणि पंख्याचा ओव्हन असेल तर त्याहून सुमारे २० अंश कमी. ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय ट्रे आत ठेवू नये. मी धातूचा रिकामा ट्रेसुद्धा ओव्हनबरोबरच तापत ठेवतो, आणि तेल लावलेले बटाटे त्यावर पडताना चुर्र आवाज आला की निम्मी काळजी मिटली असे समजतो. (हा प्रयोग काचेच्या भांड्यावर मात्र करू नये, कारण तापलेली काच थंड किंवा ओल्या वस्तूच्या स्पर्शाने तडकू शकते.) भाज्या धुतल्यानंतर कोरड्या फडक्याने पुसून घेणे कंटाळवाणे असते, तरीही ते टाळू नये.

आता राहिला बटाट्यांचा प्रश्न. एकाच ट्रेमध्ये भाजणे म्हणजे सगळे जिन्नस एकाच वेळी आत टाकणे, असा समज या पदार्थाबद्दल रूढ आहे आणि माझ्या मते बहुतेकांची फसगत तिथेच होते. बटाट्याची फोड आणि चेरी टोमॅटो यांना लागणाऱ्या वेळात अर्ध्या तासाहून अधिक फरक असतो, आणि फोडी लहान-मोठ्या करून तो पूर्ण भरून निघत नाही. मी २ सेंटिमीटरच्या फोडी केलेले बटाटे आणि त्याहून किंचित बारीक चिरलेली गाजरे एकटीच १५ मिनिटे भाजतो. मग ट्रे बाहेर काढून त्यात कच्चे सॉसेज आणि पाकळ्या सुट्या होणार नाहीत अशा जाड फोडी केलेला कांदा घालतो. आणखी १५ मिनिटांनी सॉसेज उलटतो आणि ढोबळी मिरची व झुकिनी घालतो. चेरी टोमॅटो शेवटच्या आठ-दहा मिनिटांपुरते. सगळे मिळून पाऊण तास लागतो, परंतु त्यातला हाताने काम करण्याचा वेळ दहा मिनिटांच्या वर जात नाही.

झुकिनीचे काप पातळ करू नयेत, बोटभर जाडीचे ठेवावेत. तरीही ती पाणी सोडतेच, आणि खरे सांगायचे तर या ट्रेमध्ये तिची मला फारशी गरज वाटत नाही.

प्रतिसाद २

वरील उत्तरात भाज्यांचा विचार सविस्तर आला आहे, म्हणून मी केवळ सॉसेजबद्दल लिहिते. आपण कोणते सॉसेज वापरता ते प्रश्नात आलेले नाही आणि सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे. कच्च्या खिम्याचे सॉसेज पूर्ण शिजावे लागतात, त्यामुळे त्यांना वर सांगितल्याप्रमाणे अर्धा तास द्यावा. धुरी दिलेले किंवा आधीच शिजवलेले सॉसेज मात्र केवळ गरम होऊन रंग धरण्यापुरते, म्हणजे शेवटची १५ मिनिटे ट्रेमध्ये असावेत. ते पाऊण तास भाजले तर आक्रसून चिवट होतात. पाकिटावर 'कच्चे' की 'शिजवलेले' हे लिहिलेले असते, ते आधी वाचून घ्यावे.

टोचे मारण्याबाबत बोलायचे तर ती सवय पूर्णपणे सोडावी. सॉसेजच्या आवरणाचे कामच आतली चरबी आणि रस धरून ठेवण्याचे असते, आणि आपण चार ठिकाणी भोके पाडली की तो रस ट्रेमध्ये ओघळतो आणि आत कोरडा भुगा उरतो. सॉसेज फुटतात ते बहुधा आतली वाफ आवरणाला सोसवत नाही म्हणून. फ्रीजमधले थंडगार सॉसेज थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेले की बाहेरचे आवरण आवळते आणि आतला भाग मागाहून फुगतो. ट्रे भरण्याआधी पंधरा मिनिटे ते बाहेर काढून ठेवावेत, पुसून कोरडे करावेत आणि त्यांना तेलाचा हलका हात लावावा. त्यानंतरही एखादा फुटलाच, तर त्यात खंत करण्यासारखे काही नाही, कारण फुटलेल्या जागी लागलेली खरपूस कड अनेकांना आवडते. गोठवलेले सॉसेज मात्र आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्यावेत, अन्यथा बाहेरून करपलेले आणि आतून कच्चे अशी अवस्था होते.

सॉसेज शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. ज्यात मांस टिकवण्यासाठी नायट्राइट घातलेले असते, असे सॉसेज पूर्ण शिजल्यावरही आतून गुलाबी दिसतात, आणि उलट काही कच्चे सॉसेज पुरेसे शिजण्याआधीच तपकिरी दिसू लागतात. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर त्याची सुई सॉसेजच्या टोकाकडून लांबीच्या दिशेने मध्यापर्यंत सरकवावी, म्हणजे ती आरपार जात नाही आणि आकडाही खरा मिळतो. डुकराच्या किंवा गाईच्या मांसाच्या सॉसेजसाठी ७१ अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या किंवा टर्कीच्या सॉसेजसाठी ७४ अंश हे आतले तापमान सुरक्षित मानले जाते.

मिठाबद्दलही एक सूचना. सॉसेजमध्ये मीठ मुबलक असते आणि त्यांचा रस भाज्यांवर उतरतो, त्यामुळे मीठ फक्त बटाट्यांना लावावे आणि बाकीचे चव पाहून घालावे.

प्रतिसाद ३

बटाट्यांच्या बाबतीत माझे मत पहिल्या प्रतिसादाहून वेगळे आहे. कच्चे बटाटे ट्रेमध्ये भाजून बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ करणे शक्य असले, तरी तसे ते दरवेळी जमतेच असे नाही. त्याऐवजी फोडी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटे उकळाव्यात, पाणी निथळून टाकून पातेल्यावर झाकण ठेवावे आणि पातेले दोन-तीनदा जोराने हलवावे, म्हणजे फोडींच्या कडा खरबरीत होतात आणि त्यावर पिठूळ थर दिसू लागतो. हाच थर तेलात भाजला की त्याचे कवच बनते. उकळत्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास कडा लवकर विरघळून हा परिणाम अधिक चांगला साधतो. याच्या उलट, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर बटाट्यांवर आधीच घालू नये, कारण आम्लामुळे त्यांना मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. आंबटपणा हवा असेल तर तो ट्रे बाहेर काढल्यावर घालावा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

बटाटे तसे उत्तम होतात याबद्दल दुमत नाही, परंतु प्रश्नकर्तीला घासायची भांडी कमी हवी आहेत आणि आपण त्यांना एक पातेले, एक झाकण आणि एक चाळणी वाढवून देत आहात. सुट्टीच्या दिवशी आपली पद्धत वापरावी, रोजच्या रात्री माझी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. माझे सॉसेज कोंबडीच्या कच्च्या खिम्याचे होते, हे लिहायचे राहून गेले होते. काल मी धातूचा ट्रे तापवून, झुकिनी वगळून आणि जिन्नस टप्प्याटप्प्याने घालून पुन्हा प्रयत्न केला. बटाटे ट्रेवर पडताना खरोखरच चुर्र आवाज आला. पहिल्या १५ मिनिटांनी ते उलटायला गेले तेव्हा काही फोडी तळाला इतक्या घट्ट चिकटल्या होत्या की मला घाबरायला झाले, पण तशाच ठेवून दिल्यावर पुढच्या खेपेस उलथन्याने अलगद सुटल्या आणि त्यांची खालची बाजू तांबूस झालेली होती. एकही सॉसेज फुटला नाही, आणि तापमापक नसल्याने शेवटी एक मधोमध कापून आत सगळीकडे वाफ येते आहे याची खात्री केली.

दोन गोष्टी मात्र बिघडल्या. बारीक चिरलेला लसूण काळा पडून कडू झाला, आणि सॉसेजला सुरुवातीलाच लावलेले मध व मोहरीच्या सॉसचे मिश्रण ट्रेला चिकटून करपले. शिवाय पुढच्या आठवड्यात माझ्याकडे मांसाहार न करणारी एक मैत्रीण जेवायला येणार आहे. तिच्यासाठी शाकाहारी सॉसेज याच ट्रेच्या एका कोपऱ्यात ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

चिकटलेली फोड खरडून न काढण्याचा आपला निर्णय योग्य होता, कारण पुरेसे कवच तयार झाले की ती आपोआप तळ सोडते. लसूण चिरू नये, पाकळ्या सालीसकट घालाव्यात, म्हणजे आतला गर लोण्यासारखा मऊ होतो आणि तो जेवताना बटाट्यावर पिळून घेता येतो. मधातील साखर एवढ्या उष्णतेत फार लवकर करपते, म्हणून ते मिश्रण शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशने लावावे. रोझमेरी किंवा थाइमसारखी चिवट पाने सुरुवातीपासून चालतात, कोवळी पाने मात्र ताट वाढतानाच घालावीत. कापून पाहणे हा अडीअडचणीचा मार्ग झाला, आणि आपले सॉसेज कोंबडीचे असल्यामुळे तर तापमापक जरूर घ्यावा.

प्रतिसाद ४

शाकाहारी सॉसेज त्याच ट्रेमध्ये ठेवू नयेत. सॉसेजची चरबी वितळून ट्रेच्या तळावर सर्वत्र पसरते आणि भाज्या तीच शोषून घेतात (या पदार्थाची चव बव्हंशी तिच्यामुळेच असते), तेव्हा कोपरा वेगळा ठेवूनही काहीच वेगळे राहत नाही. मैत्रिणीसाठी भाज्यांसकट दुसरा लहान ट्रे करावा आणि उलटण्यासाठी चिमटाही वेगळा घ्यावा. शाकाहारी सॉसेजमध्ये स्वतःची चरबी कमी असल्यामुळे त्या ट्रेमधील भाज्यांना एक मोठा चमचा तेल जास्त लागेल, आणि सॉसेजलाही तेल चोळावे लागेल, नाहीतर ते वरून कोरडे होऊन तडकतात. त्यांना सहसा १५ ते २० मिनिटे पुरतात, तरी पाकिटावरची वेळ प्रमाण मानावी.

दोन ट्रे एकाच वेळी आत असतील तर ते निम्म्या वेळानंतर वर-खाली अदलाबदल करून ठेवावेत, आणि शाकाहारी ट्रे आधी वरच्या कप्प्यात ठेवावा. अदलाबदलीनंतर तो खाली येईल तेव्हा वरच्या ट्रेमधून काही उडून त्यात पडू नये म्हणून त्यावर अॅल्युमिनियमचा कागद सैलसर पसरावा. आपला ओव्हन लहान असेल, तर मी अदलाबदलीच्या भानगडीत न पडता शाकाहारी ट्रे आधी भाजून झाकून ठेवीन आणि सॉसेजचा ट्रे त्यानंतर आत सारीन.