अणुपाणबुड्या वेळेवर येणार का? लेकाच्या अ‍ॅप्रेंटिसशिपचा प्रश्न आहे, मदत हवी

पोर्टकाठची:

नमस्कार मंडळी,

जहाजबांधणीतले जाणकार आणि ऑस्ट्रेलियातले मराठी लोक, दोघांकडून सल्ला हवा आहे. राजकारणाचा धागा काढायचा नव्हता, पण विषयच असा की ते टाळता येणार नाही.

आम्ही अ‍ॅडलेडला राहतो, पोर्टच्या बाजूला. लेक बारावीला आहे. अभ्यासात बरा, पण जीव सगळा हातकामात. त्याला ऑसबोर्नच्या पाणबुडी यार्डात अ‍ॅप्रेंटिसशिप करायची आहे, इलेक्ट्रिकल मिळाली तर उत्तम, नाहीतर वेल्डिंग-फॅब्रिकेशन. इकडे सगळीकडे एकच सूर, पुढची कित्येक दशकं काम आहे. नवऱ्याचं म्हणणं, ज्या पाणबुड्यांचा पत्ता नाही त्यांच्या भरवशावर पोराने आयुष्य का लावावं? आधी इंजिनियरिंगची डिग्री घे, मग बघू. घरात रोज जेवताना हाच वाद.

मला समजलेलं असं. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑकस (ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांचा संरक्षण करार) जाहीर झाला आणि फ्रान्सकडून बारा डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या घ्यायचा सौदा ऑस्ट्रेलियाने मोडला. मार्च २०२३ मध्ये सॅन दिएगोला या तिन्ही देशांच्या प्रमुखांनी, म्हणजे बायडन, सुनक आणि अल्बनीज यांनी, मिळून वेळापत्रक सांगितलं. २०३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिका तीन व्हर्जिनिया वर्गाच्या अणुपाणबुड्या विकणार, लागल्यास आणखी दोन. मग ब्रिटिश आराखड्यावरच्या नव्या पाणबुड्या, त्यातली ऑसबोर्नला बांधलेली पहिली २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला. खर्चाचा सरकारी अंदाज २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि आता रोज बातम्या की अमेरिकेचे कारखाने स्वतःच्या आरमारालाच पुरे पडत नाहीत.

तर प्रश्न असे:

१. अमेरिकेकडे पैसा आहे, तंत्र आहे, साठ-सत्तर वर्षांचा अनुभव आहे. तरी पाणबुड्या वेळेत का होत नाहीत? आणि ऑस्ट्रेलियाने त्यांच्या यार्डांसाठी पैसे दिल्यावर फरक पडेल का?

२. व्हर्जिनिया उशिरा आल्या, किंवा आल्याच नाहीत, तर ऑसबोर्नमधल्या पोरांचं काम जातं का?

३. लेकाचा जन्म पुण्याचा, आता ऑस्ट्रेलियन नागरिक आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. सुरक्षा तपासणीत याचा त्रास होतो का?

शंकासुर:

ताई, पाणबुडी येईपर्यंत लेक निवृत्तीला येईल. पेन्शन कशी आहे तेवढं आधी विचारून घ्या. (हलकं घ्या.)

कनेक्टिकटकर:

शंकासुर, जरा दमानं घ्या, बाईंनी मनापासून विचारलंय.

पोर्टकाठची, मी अमेरिकेत, ग्रॉटनपासून जवळ राहतो. यार्डात नाही, पण याच धंद्यात माल पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. इथे लिहितोय ते सगळं जाहीर असलेलंच.

अमेरिकेत अणुपाणबुड्या बांधणारी यार्डं फक्त दोन. इकडे ग्रॉटनला इलेक्ट्रिक बोट आणि तिकडे व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज. एकच पाणबुडी दोघं मिळून बांधतात. इंजिनरूम, कंट्रोलरूमचे भाग इलेक्ट्रिक बोटचे, पुढचं नाक, शेपूट, टॉर्पेडोरूम न्यूपोर्ट न्यूजचे. मग ते अजस्र तुकडे तराफ्यावरून समुद्रमार्गे इकडून तिकडे जातात आणि जोडले जातात. यातला एक तुकडा अडला की पुढचं सगळं अडतं. तयार नळकांडी शेडमध्ये उभी आणि नाकाची वाट बघणं चालू, असं इथे बऱ्याचदा झालंय.

२०११ पासून अमेरिकन आरमार वर्षाला दोन व्हर्जिनियांची ऑर्डर देतंय. हातात पडतात साधारण १.२ च्या हिशेबाने. ऑस्ट्रेलियाला विकलेल्या भरून काढायच्या तर वर्षाला २.३३ निघायला हव्यात. म्हणजे आताच्या जवळजवळ दुप्पट. एप्रिल २०२४ मध्ये आरमाराने स्वतःच आढावा काढला. ब्लॉक चारच्या, म्हणजे व्हर्जिनियांच्या चौथ्या खेपेच्या, पाणबुड्या सुमारे ३६ महिने मागे, ब्लॉक पाचच्या सुमारे २४ महिने. ब्लॉक पाचमध्ये तर मधे ८४ फुटांचा क्षेपणास्त्रांचा भाग वाढवलाय, म्हणजे काम आणखी मोठं.

याच यार्डांत कोलंबिया वर्गाच्या बारा पाणबुड्याही बांधायच्या आहेत. जुन्या ओहायो वर्गाच्या जागी येणाऱ्या, अण्वस्त्रवाहू. ते काम आरमाराच्या यादीत पहिलं. अनुभवी वेल्डर, जागा, सुटे भाग, सगळ्यावर पहिला हक्क कोलंबियाचा. आणि त्यातली पहिलीसुद्धा त्याच आढाव्यात १२ ते १६ महिने मागे निघाली. आता ओळीत तिसरा उभा असलेल्या ऑस्ट्रेलियाचं काय होणार, तुम्हीच ठरवा.

पैशांबद्दल. ऑस्ट्रेलियाने तीन अब्ज अमेरिकन डॉलर कबूल केलेत, पहिले ५० कोटी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिले. पैशाने शेड बांधता येते, मशीन आणता येतं. माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. कोविडमध्ये जुने हात मोठ्या संख्येने निवृत्त झाले. जी नवी पोरं घेतली त्यातली बरीच वर्षाच्या आत सोडून जातात, कारण बाहेर हलक्या कामाला जवळपास तेवढाच पगार मिळतो.

कायद्याचंही एक बघून ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) विक्रीला परवानगी दिली, पण अट घालून. पाणबुडी सोपवायच्या किमान २७० दिवस आधी राष्ट्राध्यक्षांनी लिहून द्यायचं की यामुळे आमच्या स्वतःच्या पाणबुडीबळाला धक्का बसत नाही. आज हल्ल्याच्या पाणबुड्या पन्नासच्या आसपास, हव्यात ६६. त्यातल्याही बऱ्याच दुरुस्तीच्या रांगेत. यूएसएस बॉइसी २०१५ पासून मोहिमेवर गेलेली नाही, का तर गोदी रिकामी नव्हती. अशा स्थितीत ते पत्र लिहायचं आहे, तेही ट्रम्प यांच्यानंतर येणाऱ्याने. ट्रम्प ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्बनीजना चांगलं बोलले खरे, पण पहिली पाणबुडी द्यायची २०३२ च्या सुमाराला.

माझं मत विचाराल तर एखादी जुनी, वापरलेली व्हर्जिनिया देतील. तिन्ही ठरल्या वेळी मिळतील यावर मी पैज लावणार नाही.

डॉकयार्डवाला:

कनेक्टिकटकरांनी आकडे छान दिले. मी माझगावला उमेदीची सगळी वर्षं काढली, म्हणून माणसांबद्दल लिहितो. पोराला कामाला लावायचं की नाही हा मूळ प्रश्न आहे ना?

ऐंशीच्या दशकात जर्मन एचडीडब्ल्यू पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीतल्या कीलहून आल्या, दोन माझगावला बांधल्या. आयएनएस शाल्की १९९२ ला नौदलात गेली, शंकुल १९९४ ला. आमची माणसं जर्मनीत शिकून आली होती, हात बसला होता. पण दलालीचं प्रकरण झालं आणि पुढच्या दोन पाणबुड्या रद्द. संपलं. शेड ओस. जी माणसं पाणबुडीचं वेल्डिंग करायची ती कोणी आखातात गेली, कोणी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, कोणी साध्या जहाजांवर. २००५ मध्ये फ्रेंच स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा जुने हात उरले होते कुठे? तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. पहिली, कलवरी, २०१२ ला द्यायची होती, ती डिसेंबर २०१७ ला नौदलात आली. सहावी, वागशीर, जानेवारी २०२५. उशिराला कारणं अनेक होती, सामान वेळेवर न येणं हेही मोठं, पण हात नव्याने बसवण्यात गेलेली वर्षं कुठल्याच कागदावर दिसत नाहीत.

ब्रिटनचं तेच. व्हॅनगार्ड वर्गाच्या पाणबुड्यांनंतर बॅरोच्या यार्डात खंड पडला, मग अ‍ॅस्ट्यूट या पाणबुडीची ऑर्डर १९९७ ला दिली, ती २०१० ला नौदलात आली. मधे याच इलेक्ट्रिक बोटची माणसं मदतीला बोलवावी लागली. अमेरिकेने शीतयुद्ध संपल्यावर सीवुल्फ वर्गाच्या २९ ऐवजी फक्त तीन बांधल्या. आजचा उशीर नव्वदच्या दशकातला आहे, ताई.

पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे काय ते लेकाला कळू दे. प्रेशर हल, म्हणजे पाण्याचा दाब झेलणारा सांगाडा, जाड, उंची पोलादाचा. थंड पत्र्यावर टाका मारला तर आत हायड्रोजन अडकतो आणि नंतर, कधीकधी दोन दिवसांनी, तडा जातो. म्हणून आधी हीटिंग पॅड लावून पत्रा तापवायचा, तापमान खडूने तपासायचं, मग एका थरावर दुसरा, प्रत्येक थरामध्ये साफसफाई. बाहेरून उन्हाळा, आतून भट्टी. काही सांध्यांपर्यंत डोकं पोचत नाही, तिथे आरसा धरून उलटं बघत टाका मारायचा. रात्री सगळ्यांना बाहेर काढून एक्स-रे. सकाळी फिल्म आली आणि त्यात तांदळाएवढा पोकळ ठिपका दिसला की तेवढा सांधा खरवडून काढा, परत तापवा, परत भरा, परत एक्स-रे. चांगल्या वेल्डरचाही सांधा कधी कधी परत येतो. ज्याला याचा राग येतो तो टिकत नाही. २०२४ मध्ये न्यूपोर्ट न्यूजला काही सांधे ठरलेली पद्धत सोडून मारलेले सापडले, तेव्हा नौदल का हादरलं ते यावरून समजेल.

असा हात ज्याच्याकडे आहे तो उपाशी राहत नाही. पाणबुडी रद्द झाली तरी. आमच्यातले आखातात गेले त्यांनी आमच्यापेक्षा मोठी घरं बांधली!

शंकासुर:

काका, सुंदर लिहिलंत. पण मग ताईंच्या यजमानांचंच खरं ठरलं ना? यार्ड ओस पडू शकतं. ऑस्ट्रेलियाने आधी जपानी बघितल्या, मग फ्रेंच घेतल्या आणि मोडल्या, मोडल्याची भरपाई म्हणून ५५ कोटी ५० लाख युरो मोजले. या देशाचा पाणबुडीच्या बाबतीतला इतिहास बघता मी तरी डिग्रीच्या बाजूने. आता हलकं घेऊ नका.

पोर्टकाठची:

डॉकयार्डवाला काका, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. आरशाचं ऐकून डोळे चमकले, माझं काम अवघड करून ठेवलंत. शंकासुर, तुमचा मुद्दा मला पटतोय, म्हणूनच विचारते: ऑसबोर्नला आज, या घडीला, काय काम चालतं? पर्थचे किंवा इथले कोणी सांगू शकेल का?

पर्थवासी:

मी सांगतो. नेमकं कुठे काम करतो ते विचारू नका.

ऑसबोर्नला आज काम आहे ते कॉलिन्स वर्गाचं. सहा पाणबुड्या, तिथेच बांधलेल्या, १९९६ ते २००३ दरम्यान नौदलात आलेल्या. त्यांच्या मोठ्या दुरुस्त्या तिथेच होतात. आता त्यांचं आयुष्य वाढवायचं काम, २०२६ पासून, एचएमएएस फार्नकॉम्बपासून सुरुवात. यातला विनोद कळतोय का? व्हर्जिनिया जितक्या उशिरा येतील तितका काळ या म्हाताऱ्या कॉलिन्स पळवाव्या लागतील, म्हणजे ऑसबोर्नचं काम वाढेलच. नौदलासाठी वाईट बातमी, इलेक्ट्रिकल फिटरसाठी नाही.

दुसरं, आमच्याकडे पर्थजवळ एचएमएएस स्टर्लिंग हा नौदलाचा तळ. २०२७ पासून चारपर्यंत अमेरिकन आणि एक ब्रिटिश पाणबुडी आळीपाळीने इथे राहणार. त्या अमेरिकेच्याच, त्यामुळे विक्री अडकली तरी हे अडकायचं कारण नाही. अमेरिकेत एक मतप्रवाह आहेच की विकू नका, आपल्याच पाणबुड्या तिथे ठेवा. तसं झालं तरी देखभालीला माणसं लागणारच. २०२४ मध्ये यूएसएस हवाईची दुरुस्ती इथे झाली, तिच्यावर ऑस्ट्रेलियन हातांनी काम केलं. ऑसबोर्नवाल्या एएससी कंपनीची माणसं पर्ल हार्बरच्या यार्डात शिकायलाही गेली आहेत. लेकाने चिकाटी धरली तर तोही जाऊ शकेल.

ज्याचा भरवसा देता येत नाही ते म्हणजे नव्या पाणबुडीची बांधणी. ती ब्रिटनच्या आराखड्यावर आणि बॅरोच्या वेगावर अवलंबून. फक्त त्याच कामावर डोळा ठेवून जाऊ नका.

सुरक्षा तपासणी: ऑस्ट्रेलियन नागरिकत्व हवं, ते आहे. ओसीआय म्हणजे दुसरं नागरिकत्व नव्हे, पण फॉर्मवर लिहायचं. भारतातले नातेवाईक, प्रवास, सगळं विचारतात. वरच्या पातळीला मागच्या दहा वर्षांचा तपशील लागतो. जन्म पुण्याचा आहे म्हणून कोणी अडवत नाही, लपवलेलं सापडलं तर अडवतात. वेळ खूप लागतो, त्यामुळे पोराला आत्ताच जुने पासपोर्ट, प्रवासाच्या तारखा, पत्ते गोळा करायला बसवा.

आणि डिग्री की हातकाम हा वाद उगाच आहे. अ‍ॅप्रेंटिसशिप करून पुढे डिग्री घेणारे माझ्या ओळखीत आहेत, उलट्या दिशेने गेलेला एकही नाही.

पोर्टकाठची:

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला पर्थवासींचा कॉलिन्सचा मुद्दा पटला, बाकी वाद चालू आहे. ठरलंय ते एवढं: इलेक्ट्रिकलला अर्ज करायचा आणि शेजारी विद्यापीठाचाही भरून ठेवायचा.

आता आणखी एक मदत. निवडीच्या आधी गणित आणि यंत्रांच्या समजेची परीक्षा असते असं ऐकलंय. कोणाच्या मुलाने अलीकडे दिली असेल तर तयारी कशी केली ते सांगाल का? इथे नको असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.