मदत हवी आहे: जर्मनीने 24 आयपीसीत दोन बॉम्बर घ्यावेत की सहा तोफा?

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्यात दर रविवारी शाहूपुरीत मित्राच्या घरी 'अ‍ॅक्सिस अँड अलाईज' हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटाचा खेळ खेळतो, 1942 ची दुसरी आवृत्ती. सध्या पाऊस उसंत देत नाही, त्यामुळे सकाळी नऊला सतरंजीवर मांडलेला पट दिवेलागणीलाच उचलला जातो. गेले चार रविवार जर्मनी माझ्याकडे आहे आणि चारही वेळा मी पूर्व आघाडीवर एकाच प्रश्नाशी अडलोय. खजिन्यातले 24 आयपीसी (खेळातला पैसा) बाजूला काढले, तर त्यांचे दोन बॉम्बर घ्यायचे की सहा तोफा?

माझा हिशेब सांगतो, चुकला असेल तर सांगा. बॉम्बर 12 आयपीसीचा, हल्ल्यात 4 किंवा त्याखाली फासा पडला की हिट, म्हणजे शत्रूची एक सोंगटी बाद. दोघांचे मिळून फेरीला सरासरी 1.33 हिट. तोफ 4 ची, हल्ल्यात 2 किंवा त्याखाली हिट. सहा तोफांचे 2 हिट, आणि शेजारी सहा इन्फंट्री असतील तर त्याही 1 ऐवजी 2 वर मारतात, म्हणजे आणखी 1 हिट. झाले 3. शिवाय शत्रूचे हिट झेलायला सहा सोंगट्या हाताशी. बचावात तर तुलनाच नको: बॉम्बर 1 वर, तोफ 2 वर. आणि बॉम्बर एकटा प्रदेश ताब्यात घेऊच शकत नाही.

एवढं स्पष्ट असूनही माझा हात बॉम्बरकडे जातो, कारण अंतर. बर्लिनमध्ये घेतलेली तोफ मॉस्कोच्या वेशीशी पोचेपर्यंत तीन टर्न जातात, तोवर रशियावाल्याने तिथे इन्फंट्रीचा ढीग रचलेला असतो. बॉम्बर सहा घरं जातो, पुढच्याच टर्नला लढाईत उतरतो आणि युक्रेनमध्ये येऊन बसतो (युक्रेन आधीपासून आपल्याकडे असला तर, त्याच टर्नला जिंकलेल्या प्रदेशात विमान उतरवता येत नाही, हे मी दुसऱ्या रविवारी विसरलो होतो). दुसरं म्हणजे धाक. बर्लिनला दोन बॉम्बर उभे असले की ब्रिटनवाला एकटं ट्रान्सपोर्ट समुद्रात सोडत नाही. त्याला 8 चं डिस्ट्रॉयर नाहीतर 14 चं कॅरियर आधी घ्यावं लागतं. म्हणजे माझे बॉम्बर जागचे न हलताही त्याचा पैसा खातात. सहा तोफांना हे कधीच जमणार नाही. ही किंमत हिशेबात धरायची कशी, हेच मला कळत नाहीये.

मागच्या रविवारचं सांगतो. दुसऱ्या टर्नला दोन बॉम्बर घेतले आणि तिसऱ्याला दोन्ही मॉस्कोच्या कारखान्यावर पाठवले. फासे आम्ही कंदी पेढ्याच्या खोक्याच्या झाकणात टाकतो. रशियावाल्याने कारखान्याच्या विमानविरोधी माऱ्याचे दोन फासे टाकले. एक थांबला 5 वर, दुसरा कडेला टेकून कलंडला आणि 1 वर बसला. एक बॉम्बर गेला. उरलेल्याने 2 चं नुकसान केलं, ते त्याने 2 आयपीसी भरून लगेच दुरुस्त केलं. त्याच टर्नला वेस्ट रशियात माझी नऊ इन्फंट्री एकाही तोफेशिवाय उभी होती, ती त्याने कापून काढली.

घरी येऊन पुन्हा आकडे मांडले. एका बॉम्बरच्या एका खेपेला माझं सरासरी 2 आयपीसीचं नुकसान (सहात एकदा पडतो म्हणून), त्याचं साधारण 2.9 चं. पण सुरुवातीला माझं उत्पन्न 41, त्याचं 24. त्यामुळे त्याचे 3 आणि माझे 2 एकाच तागडीत घालता येत नाहीत, असं मला वाटतं. मॉस्कोवर नुकसान 16 पर्यंत चढू शकतं, आणि त्याने दुरुस्ती टाळली तर तिथे तितके कमी सैनिक उभे राहतात.

मित्राचे वडील अपशिंग्याचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. काका खेळत नाहीत, पण खुर्ची ओढून शेजारी बसतात. त्यांचं मत ठाम आहे. 1999 ला कारगिलमध्ये मिराजने टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले ते खरंच, पण जवान कडा चढत असताना वरच्या शत्रूला मान वर काढू दिली नाही ती बोफोर्सनी. तोफ पायदळाबरोबर असते, विमान तळावर परत जातं, असं ते म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोचंही तेच: 15 फेब्रुवारी 1944 ला बॉम्बरांनी मठ पाडला आणि जर्मन त्याच ढिगाऱ्यात दबा धरून बसले. मला काकांचं पटतं. पण पटावरचा बॉम्बर 1984 च्या जुन्या आवृत्तीत 15 चा होता, आणि तेव्हा तोफ नावाची सोंगटीच नव्हती. 12 केला त्याअर्थी त्याचा काही उपयोग असणारच.

तर जर्मनी खेळलेल्यांनी कृपया एवढं सांगावं. एक बॉम्बर आणि तीन तोफा असा मधला मार्ग (माझ्या हिशेबाने 2.17 हिट) कुणी सलग काही डाव चालवून पाहिलाय का? पहिल्या टर्नला सगळ्या तोफा आणि चौथ्यापासून बॉम्बर, हा क्रम बरा की उलटा? आणि बॉम्बर घेतलेच, तर कारखान्यावर पाठवायचे, की लढाईसाठी आणि ब्रिटनच्या धाकासाठी राखायचे?

या रविवारीही जर्मनी माझ्याकडेच आहे. शनिवार रात्रीपर्यंत कुणी लिहिलं तर पहिली खरेदी त्याप्रमाणेच करेन आणि सोमवारी इथेच टर्नवार हिशेब टाकेन.