अमेरिकन सॉकरमध्ये प्रमोशन-रेलिगेशन: घोडं अडतं कुठे, आणि सुरुवात कुठून करावी?

कोपराकिक:
एमएलएस (मेजर लीग सॉकर) या अमेरिकेतल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये आता ३० संघ आहेत. प्लेऑफची आशा संपली की तळाच्या संघांना खेळण्यासारखं काही उरत नाही, आणि तिच्या खालच्या, दुसऱ्या श्रेणीच्या यूएसएल चॅम्पियनशिप या लीगमधल्या क्लबने कितीही चांगला खेळ केला तरी वरचं दार बंदच. २०२२ मध्ये तिथल्याच सॅक्रामेंटो रिपब्लिकने यूएस ओपन कपमध्ये (सगळ्या श्रेणींच्या क्लबांची बाद स्पर्धा) सॅन होजे, एलए गॅलक्सी आणि स्पोर्टिंग कॅन्सस सिटी या तीन एमएलएस संघांना घरी पाठवून अंतिम फेरी गाठली. पुढच्या हंगामात ते होते तिथेच.
मार्च २०२५ मध्ये यूएसएलच्या क्लबमालकांनी आपल्या लीगपुरतं प्रमोशन-रेलिगेशन (गुणतक्त्यातल्या अव्वल क्लबला वरच्या श्रेणीत बढती, तळाच्याला खाली घसरण) आणायला मतदान करून मंजुरी दिली. म्हणून दोन प्रश्न. एमएलएस यात का उतरत नाही, मालकांची तयारी नाही म्हणून की रचनाच आड येते म्हणून? आणि यूएसएलला हे नीट चालवायचं तर नियम कसे असायला हवेत?

मधलीफळी:
दोन्ही कारणं आहेत, पण रचनेचं मोठं. एमएलएस ही क्लबांची संघटना नाही, ती एकच कंपनी आहे. ज्यांना आपण संघमालक म्हणतो ते त्या कंपनीतले गुंतवणूकदार. त्यांना एकेक संघ चालवायचा हक्क मिळतो. खेळाडूंचे करारसुद्धा लीगशी होतात, क्लबशी नाही. या रचनेमुळे स्पर्धाच मारली जाते असा दावा खेळाडूंनी १९९७ मध्ये लावला होता (फ्रेझर खटला). २००२ मध्ये अपिलातही निकाल लीगच्याच बाजूने लागला.

आता अशा कंपनीतला एक संघ खाली घसरला असं धरा. त्याच्या खेळाडूंचे करार कोणाकडे जाणार? मालकाचा कंपनीतला हिस्सा राहणार की काढून घेणार? खालून वर आलेल्या क्लबला तोच हिस्सा फुकट द्यायचा का? नुसता स्पर्धेचा नियम बदलून हे सुटणार नाही, मालकीचे कागदच नव्याने लिहावे लागतील.

त्यात प्रवेशशुल्क बघा. २००७ मध्ये आलेल्या टोरंटोने १ कोटी डॉलर भरले, शार्लटने ३२.५ कोटी आणि २०२५ मध्ये उतरलेल्या सॅन दिएगोने ५० कोटी. ही किंमत कायमच्या जागेची आहे. ती जागा एका वाईट हंगामात जाऊ शकते असं म्हटलं की आधीच्या सगळ्या गुंतवणुकीचं मूल्य त्याच दिवशी घसरतं, आणि मत देणारे तेच गुंतवणूकदार. २०१७ मध्ये प्रमोशन-रेलिगेशनच्या अटीवर १० वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी तब्बल ४०० कोटी डॉलरचा प्रस्ताव आला होता, तोही एमएलएसने स्वीकारला नाही.

कोर्टातून सक्ती होईल अशी आशाही धरू नका. मायामी एफसी आणि किंग्स्टन स्टॉकेड हे दोन क्लब २०१७ मध्ये फिफाच्या नियमांचा आधार घेऊन क्रीडा लवादात गेले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. तेव्हा सुरुवात खालूनच होणार, म्हणजे यूएसएलमधूनच.

रेषेवरचा_पंच:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सगळे गुणतक्त्याबद्दल बोलतात, पण खरी मेख यूएस सॉकर फेडरेशन या देशातल्या नियामक संस्थेच्या मानकांत आहे. तिथे श्रेणी क्लबला नाही, अख्ख्या लीगला मिळते. पहिल्या श्रेणीसाठी स्टेडियम किमान १५,००० आसनांचं, दुसऱ्यासाठी ५,०००, तिसऱ्यासाठी १,०००. मुख्य मालकाची संपत्ती अनुक्रमे ४ कोटी, २ कोटी आणि १ कोटी डॉलर. म्हणजे ८,००० आसनांचा क्लब दुसऱ्या श्रेणीत अव्वल आला तरी त्याचं मैदान पहिल्या श्रेणीला चालत नाही, आणि दोन हंगामांमधल्या थोड्या आठवड्यांत ७,००० आसनं उभी राहत नाहीत.

याहून अवघड अट शहरांची आहे. पहिल्या श्रेणीतल्या ७५ टक्के क्लबांचं महानगर किमान १० लाख लोकसंख्येचं हवं. १२ क्लबांच्या लीगमध्ये याचा अर्थ ९ मोठी शहरं, छोटी फार तर ३. तीन छोटी आधीच आत असतील, एक मोठं शहर खाली गेलं आणि चौथं छोटं वर आलं, तर प्रमाण १२ पैकी ८ होतं. तक्त्यात सगळं नियमाप्रमाणे झालेलं असतं, पण लीगची मान्यताच धोक्यात येते! पूर्व, मध्य आणि पॅसिफिक या तिन्ही वेळपट्ट्यांत क्लब असण्याची अटही अशीच. पॅसिफिकचा एकुलता एक क्लब तळाला गेला तर काय करणार? म्हणून प्रमोशन-रेलिगेशन असलेल्या लीगसाठी या अटी क्लबच्या पातळीवर आणायला हव्यात, किंवा किमान दोन-तीन हंगामांची लेखी सवलत आधीच मिळवून ठेवायला हवी. ऐन वेळी मागितलेल्या सवलतीवर पहिला वाद पेटेल.

जपानकडून घेण्यासारखं बरंच आहे. तिथली जे लीग १९९३ मध्ये १० क्लबांनिशी, स्वतःची खालची श्रेणी नसतानाच सुरू झाली. जे२ (दुसरी श्रेणी; वरची ती जे१) आणि त्यासोबतची चढ-उतार १९९९ पासून. पुढे २०१३ च्या हंगामापासून परवाना पद्धत आली, म्हणजे मैदानासारख्या अटी पूर्ण करणाऱ्या क्लबलाच त्या श्रेणीत खेळायची परवानगी. परवान्याचा निर्णय हंगाम संपण्याआधी जाहीर होतो, त्यामुळे शेवटच्या फेरीत कोण पात्र आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तिथेही जे१ साठी १५,००० चं मैदान लागतं. २०१४ मध्ये गिरावान्झ किताक्युशू जे२ मध्ये पाचवे आले, पण परवाना नसल्याने प्लेऑफला (तिसऱ्या ते सहाव्या क्लबांमधली, बढतीच्या एका जागेसाठीची बाद फेरी) मुकले. त्यांची जागा सातव्या क्लबला दिली नाही. तिसऱ्या आलेल्या चिबाला थेट अंतिम सामना मिळाला. वर गेलं ते सहाव्या क्रमांकाचं यामागाता, तेही उपांत्य सामन्यात गोलरक्षकाने भरपाई वेळेत हेडरने मारलेल्या गोलमुळे. रिकामी जागा खाली सरकवत न्यायची नाही, हा नियम यूएसएलने जसाच्या तसा घ्यावा. नाहीतर सातव्या क्लबचा वकील मैदानाआधी कोर्टात पोचतो.

कोपराकिक:
परवान्याचं पटलं. पण खाली गेलेला क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळू नये यासाठी काय? इंग्लंडसारखे पॅराशूटचे पैसे, म्हणजे खाली पडलेल्या क्लबला काही वर्षं मिळणारी मदत?

डावाबॅक:
इंग्लंडचा साचा उचलू नका. प्रीमियर लीगमधून पडलेल्या क्लबला प्रक्षेपण उत्पन्नातल्या समान वाट्याच्या ५५ टक्के, मग ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के मिळतात (एकच हंगाम वर काढला असेल तर तिसरं वर्ष नाही). परिणाम असा की पडलेला क्लब दुसऱ्या श्रेणीतल्या इतरांपेक्षा कितीतरी श्रीमंत असतो. यूएसएलमध्ये प्रक्षेपणाचा पैसा मुळात थोडा, मुख्य उत्पन्न तिकिटं आणि स्थानिक प्रायोजक. तिथे एकाच वर्षाची मदत पुरे, आणि तीही रोख हातात न देता आधी ठरलेले पगार भागवायला.

खरं संरक्षण करारांत असतं. प्रत्येक खेळाडूच्या करारात दोन आकडे हवेत, वरच्या श्रेणीचा पगार आणि खालच्या श्रेणीचा. उदाहरणादाखल, पगाराचा बोजा ३० लाख डॉलर आणि उत्पन्न ५० लाख असेल, आणि घसरल्यावर उत्पन्न ३० टक्क्यांनी घटलं, तर हाती ३५ लाख राहतात. पगार तेच राहिले तर प्रवास, मैदानभाडं आणि कार्यालय मिळून ५ लाखांत भागवावं लागेल, ते शक्यच नाही. पगार ३० टक्के कमी करणारं कलम असेल तर तो २१ लाखांवर येतो आणि १४ लाख हाती राहतात. बदल्यात खेळाडूला ठरावीक रकमेत क्लब सोडायची मुभा द्यावी लागते, नाहीतर खेळाडूंची संघटना सही करणार नाही. किमान वेतन श्रेणीनुसार वेगळं असेल तर घसरणीनंतर कोणतं लागू, हेही सामूहिक करारातच लिहिलेलं हवं.

हेच प्रायोजक आणि मैदानभाड्याला लागू आहे. सीझन तिकिटांचं नूतनीकरण बहुधा श्रेणी ठरण्याआधीच सुरू होतं, तेव्हा दोन दर छापायचे आणि फरक परत करायची तारीख द्यायची. जिथे नगरपालिकेने कर्जरोखे काढून स्टेडियम बांधलंय तिथे आधी करार वाचा. भाडं श्रेणीशी बांधलेलं असेल तर घसरणीचा फटका थेट नगरपालिकेच्या तिजोरीला बसतो.

मधलीफळी:
संख्येबद्दल माझं मत: सुरुवातीची दोन वर्षं एक क्लब थेट वर-खाली आणि एक जागा दोन सामन्यांच्या प्लेऑफवर. १२-१४ क्लबांच्या लीगमध्ये तीन जागा पणाला लावल्या तर जवळपास पाव लीग दरवर्षी बदलेल आणि कोणीच मैदानावर पैसा घालणार नाही.

आणि एमएलएसने कधी मनावर घेतलंच, तर त्यांना एकच वाट सोपी आहे: ३० संघांच्या १५-१५ च्या दोन श्रेण्या, चढ-उतार आपसातच. हिस्सा कंपनीतच राहतो, खेळाडूंचे करारही लीगकडेच, त्यामुळे वर विचारलेले प्रश्न उद्भवत नाहीत. सॅक्रामेंटोसारख्या बाहेरच्या क्लबला मात्र त्यातून काही मिळणार नाही. पण तळाच्या पाच-सहा संघांना शेवटच्या फेरीपर्यंत जीव तोडून खेळावं लागेल.