व्हीपीएन जोडल्यावर डॅपरचा कॉल दुसऱ्या मशीनवर पोचत नाही. होस्टचा आयपी नक्की कुणाला सांगायचा?

प्रश्न

एकाच लॅनवर दोन उबुंटू मशीन आहेत. १९२.१६८.१.२० वर ऑर्डरची सर्व्हिस, १९२.१६८.१.२१ वर साठ्याची. कुबरनेटीज (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) नाही, डॅपर (सर्व्हिसना एकमेकींशी बोलायला मदत करणारं साधन) थेट मशीनवर चालतो. डॅपरडी (ॲपशेजारी चालणारी डॅपरची प्रोसेस, म्हणजे साइडकार) आणि ॲप यांच्या सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी प्रणाली) सर्व्हिस वेगवेगळ्या आहेत. नाव शोधण्यासाठी मूळचाच एमडीएनएस (लॅनवरच नावावरून पत्ता शोधण्याची पद्धत).

.२१ वर ऑफिसचा व्हीपीएन जोडून डॅपरडी रीस्टार्ट केला, की ऑर्डरकडून येणारा कॉल बराच वेळ लटकतो आणि शेवटी 'एरर डायरेक्ट इन्व्होक' येते. मेसेजमध्ये १०.८.०.६ हा पत्ता असतो, म्हणजे व्हीपीएनचा. व्हीपीएन जोडला पण डॅपरडीला हात लावला नाही, तर सगळं सुरळीत चालतं.

बॅशआरसीमध्ये डॅपर_होस्ट_आयपी एक्सपोर्ट केलंय, इको केल्यावर बरोबर दिसतं. ॲपच्या एन्व्ह फाइलमध्येही टाकून पाहिलं. फरक शून्य. शिवाय डॅपरडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये डॅपर_एचटीटीपी_पोर्ट ३६०० दिलं, तरी तो ३५०० वरच ऐकतो. (नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, मशीनवर ती सगळी इंग्रजी कॅपिटलमध्ये आहेत.)

उत्तर १

व्हेरिएबल बरोबर निवडलंय, पण ते ज्या प्रोसेसला हवं तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

आधी पत्ता चुकतो कसा ते. डॅपरडी सुरू होताना डॅपर_होस्ट_आयपी बघतो. ते रिकामं असेल तर ८.८.८.८ कडे यूडीपी सॉकेट उघडतो. पॅकेट एकही जात नाही, पण बाहेर जायला कर्नल कोणता स्थानिक पत्ता वापरेल ते त्यातून कळतं, आणि तोच पत्ता 'माझा' म्हणून एमडीएनएसवर जाहीर होतो. तुमचा व्हीपीएन डीफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा नेहमीचा मार्ग) स्वतःकडे घेतो, म्हणून उत्तर १०.८.०.६ मिळतं. हे फक्त सुरू होताना एकदाच ठरतं. त्यामुळेच नंतर व्हीपीएन जोडला तर काही बिघडत नाही. खात्री करायची असेल तर व्हीपीएन चालू असताना 'आयपी रूट गेट ८.८.८.८' चालवा, 'एसआरसी'पुढे जो पत्ता दिसेल तोच डॅपरडी उचलणार.

मशीनला डीफॉल्ट रूटच नसेल, तर हा मार्ग फसतो आणि लूपबॅक (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) सोडून पहिला मिळेल तो आयपीव्ही४ पत्ता घेतला जातो. इंटरनेट बंद ठेवलेल्या सर्व्हरवर तो डॉकर ब्रिजचा १७२.१७.०.१ सुद्धा निघू शकतो. तिथेही उपाय हाच.

आता तुमचे तीन प्रयत्न. सिस्टमडी बॅशआरसी वाचत नाही. ती फाइल तुमच्या शेलपुरती. ॲपच्या एन्व्ह फाइलमधलं मूल्य ॲपला मिळालं, पण ॲपला त्याचा काही उपयोग नाही, आणि डॅपरडी ही वेगळी प्रोसेस. पोर्टचं नेमकं उलटं आहे: डॅपर_एचटीटीपी_पोर्ट हे साइडकार कुठे आहे हे ॲपला कळावं म्हणून असतं. डॅपरडीचं स्वतःचं पोर्ट बदलायचं तर 'डॅपर-एचटीटीपी-पोर्ट' हा फ्लॅग द्यावा लागतो. 'डॅपर रन' वापरलं की सीएलआय (डॅपरची कमांड) दोन्ही गोष्टी जुळवून देतो, म्हणून हा भेद लक्षात येत नाही. डॅपरडी स्वतः चालवायला घेतला की तो हमखास आडवा येतो. तुम्ही फ्लॅगने ३६०० दिलं, तर ॲपच्या फाइलमध्येही ३६०० हवंच.

डॅपरडीच्या युनिटमध्ये (म्हणजे सर्व्हिस फाइलमध्ये) 'सर्व्हिस' विभागाखाली 'एन्व्हायर्नमेंट=' या ओळीत डॅपर_होस्ट_आयपी=१९२.१६८.१.२१ लिहा, मग 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' आणि रीस्टार्ट. .२० वर त्याचा स्वतःचा पत्ता द्या आणि तिथलाही डॅपरडी रीस्टार्ट करा, नाहीतर जुना पत्ता त्याच्या कॅशमध्ये राहू शकतो.

आणि इकोवर विसंबू नका. तो तुमच्या शेलचं एन्व्हायर्नमेंट दाखवतो. 'प्रॉक' खाली डॅपरडीच्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) फोल्डरमध्ये 'एन्व्हायरॉन' नावाची फाइल आहे, ती सुडोने वाचा. नोंदींच्या मधे नल अक्षर असतं, म्हणून 'टीआर'ने त्याजागी नवी ओळ घाला. तिथे व्हेरिएबल नसेल तर डॅपरडीच्या दृष्टीने ते नाहीच.

उत्तर २

वरच्यात एक भर. 'एन्व्हायर्नमेंटफाइल=' वापरून वेगळी फाइल देणार असाल, तर तिच्यात 'एक्सपोर्ट' शब्द लिहू नका आणि मूल्यानंतर त्याच ओळीत हॅश टाकून टीप लिहू नका, ती मूल्याचाच भाग होते. टीप स्वतंत्र ओळीवर.

तीच फाइल डॉकरलाही वापरायची असेल तर अवतरण चिन्हं टाळा. सिस्टमडी आणि डॉकर कंपोज ती काढून टाकतात, पण 'डॉकर रन'चा 'एन्व्ह-फाइल' पर्याय ती जशीच्या तशी ठेवतो. मग पत्ता अवतरणासकट जाहीर होतो आणि कुणालाच जोडता येत नाही.

प्रश्नकर्ता

एन्व्हायरॉन फाइल बघितली, डॅपर_होस्ट_आयपी खरंच नव्हतं. युनिटमध्ये टाकल्यावर .२१ चा पत्ता बरोबर जाहीर होतोय. पोर्टचाही उलगडा झाला. दोन गोष्टी राहिल्या.

एक, पत्ते डीएचसीपीने मिळतात, म्हणजे ते बदलू शकतात. सर्व्हिस फाइलमध्ये डॉलर आणि कंसात 'होस्टनेम -आय' (कॅपिटल आय) लिहिलं तर तो मजकूर तसाच व्हेरिएबलमध्ये जातो. दोन, .२१ वर यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू केला की कॉल पुन्हा अडकतात, ३५०० आणि ५०००१ उघडे असूनही.

उत्तर १

सिस्टमडी शेल नाही, त्यामुळे कमांडचा आउटपुट मूल्यात भरत नाही. सगळ्यात टिकाऊ मार्ग म्हणजे राउटरवर त्या मॅक पत्त्यासाठी आयपी राखून ठेवणं. ते हातात नसेल तर छोटी शेल स्क्रिप्ट करा: लॅनच्या इंटरफेसचा आयपीव्ही४ पत्ता काढायचा, एक्सपोर्ट करायचा, आणि शेवटच्या ओळीत 'एक्झेक' लावून डॅपरडी चालवायचा. 'एक्झेक' गाळू नका. नाहीतर शेल मधे उरतो आणि सर्व्हिस थांबवताना मुख्य प्रोसेस म्हणून तोच दिसतो. 'होस्टनेम -आय' सगळे पत्ते एकदम देतो, व्हीपीएनचाही, म्हणून इंटरफेसचं नाव देऊनच पत्ता काढा. शिवाय युनिटमध्ये 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हींत 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' हवं, नाहीतर बूट होताना पत्ता मिळण्याआधीच स्क्रिप्ट धावते.

उत्तर ३

फायरवॉलचं सांगतो. ३५०० आणि ५०००१ ही पोर्टं तुमचं ॲप स्वतःच्या साइडकारशी बोलतं त्यासाठी. एक साइडकार दुसऱ्याशी बोलतो तो तिसऱ्याच, अंतर्गत जीआरपीसी (प्रोग्रॅमनी एकमेकांना कॉल करण्याची एक पद्धत) पोर्टवर. कुबरनेटीजमध्ये ते ५०००२ असतं, पण थेट मशीनवर दर वेळी वेगळं निवडलं जातं, त्यामुळे नियम लिहिणार तरी कशावर? 'डॅपर-इंटर्नल-जीआरपीसी-पोर्ट' फ्लॅगने ते ५०००२ ला बांधा आणि टीसीपी ५०००२ लॅनपुरतं उघडा. एकाच मशीनवर दोन साइडकार असतील तर दुसऱ्याला ५०००३. एमडीएनएससाठी यूडीपी ५३५३ लागतं. ते मल्टिकास्टवर चालतं आणि राउटर ओलांडत नाही. दोन मशीन वेगळ्या सबनेटवर गेली तर कॉन्सलसारखा नेम रेझोल्यूशन (नावावरून पत्ता शोधणारा) कंपोनंट लावावा लागेल.

आणि ३५०० व ५०००१ बाहेरून बंदच करा, आत्ताच. थेट मशीनवर डॅपरडी या दोन पोर्टांवर सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, म्हणजे व्हीपीएनवरचं कोणीही तुमच्या साइडकारकडून स्टेट स्टोअर (ॲपचा साठवलेला डेटा) वाचून घेऊ शकतं. 'डॅपर-लिसन-ॲड्रेसेस' फ्लॅगला १२७.०.०.१ द्या, मशीन-ते-मशीन कॉल अंतर्गत पोर्टवरून जातात, त्यांना याचा अडसर होत नाही.

जोडीला डॅपर_एपीआय_टोकन (साइडकारला कॉल करण्यासाठीचा गुप्त शब्द) लावा. ते मात्र दोघांनाही द्यावं लागतं: डॅपरडीला तपासायला, ॲपला पाठवायला. फक्त डॅपरडीला दिलं तर ॲपचा प्रत्येक कॉल ४०१ घेऊन परत येईल. डॅपरची एसडीके (ॲपमध्ये वापरायची लायब्ररी) ते आपोआप वाचते. साधा एचटीटीपी क्लायंट असेल तर 'डॅपर-एपीआय-टोकन' हेडर स्वतः घाला. यासाठी दोन्ही युनिटना एकच टोकन फाइल जोडा, मालक रूट आणि परवानगी ६००. सिस्टमडी ती स्वतः वाचतो, त्यामुळे सर्व्हिसच्या युजरला ती वाचता येण्याची गरज नाही.