अनिता हार्डिंग यांचे वर्गीकरण जनुके सापडल्यानंतरही टिकले, ते कशामुळे?

प्रश्न (जीवशास्त्राची प्राध्यापिका)

पदव्युत्तर वर्गाला आईकडून येणारे आनुवंशिक आजार शिकवताना लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील मेंदूविकारतज्ज्ञ अनिता हार्डिंग (१९५२–१९९५) यांचे नाव मला वारंवार भेटते. अटॅक्सियाच्या, म्हणजे तोल आणि हालचालींवरचा ताबा जाणाऱ्या आजारांच्या, वर्गीकरणात त्या आहेत, स्नायूंच्या मायटोकॉन्ड्रियल (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या आणि आईकडून येणाऱ्या घटकांच्या) विकारांत आहेत आणि लेबर यांच्या आनुवंशिक दृष्टिनाशातही आहेत. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर डीएनएपर्यंत कशा पोहोचल्या, आणि जनुके माहीत नसताना त्यांनी केलेली मांडणी आजही का वापरली जाते?

उत्तर (न्यूरॉलॉजिस्ट)

मॅडम, आधी अटॅक्सियाविषयी लिहितो. तोल जाणे, बोलणे अडखळणे अशा तक्रारींच्या आनुवंशिक आजारांना तेव्हा इतकी नावे पडली होती, की एकाच घरातील दोन भावंडांना दोन वेगळी निदाने मिळू शकत. हार्डिंग यांनी मृत मेंदूच्या तपासणीवर भर देणारी जुनी पद्धत बाजूला ठेवून आजार कोणत्या वयात सुरू झाला, तो कुटुंबात कसा उतरतो आणि तपासताना नेमके काय आढळते, यांवर मांडणी उभी केली. १९८१ मध्ये त्यांनी ९० कुटुंबांतील ११५ रुग्णांचा अभ्यास करून फ्रेडरिक अटॅक्सिया या प्रकाराचे निकष दिले: पंचविशीच्या आत सुरुवात, वाढत जाणारा तोल-दोष, आणि गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय न उडणे.

हे निकष अपुरे होते, हेही स्पष्ट सांगायला हवे. १९९६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, या आजाराचे जनुक सापडले आणि पंचविशीनंतर आजारी पडलेले किंवा पाय उडणारे रुग्णही त्याच जनुकदोषाचे असल्याचे दिसून आले. तरीही निकषांत बसणारा गट बहुतांशी एकाच आजाराचा होता, म्हणूनच जनुक शोधणाऱ्यांना कुटुंबे निवडताना भरवशाचा आधार मिळाला. पुढे त्या जनुकाचे प्रथिन मायटोकॉन्ड्रियातच काम करते असे समजले.

उत्तर (रेणवीय जीवशास्त्रातील संशोधक)

डीएनएकडचा प्रवास १९८८ मध्ये ठळक झाला. इयान होल्ट, हार्डिंग आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांनी स्नायूंचा मायटोकॉन्ड्रियल विकार असलेल्या २५ रुग्णांचे नमुने तपासले, आणि नऊ जणांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा मोठा तुकडा गळालेला आढळला. नमुना स्नायूचा होता, ही यातली महत्त्वाची बाब, कारण रक्तात हा दोष दिसला नाही. एकाच माणसात, एकाच पेशीतही, धड आणि सदोष डीएनए शेजारी शेजारी नांदू शकतात, हे पटवून देणारा हा पुरावा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाने लेबर यांच्या दृष्टिनाशामागील मायटोकॉन्ड्रियल डीएनएतील एका अक्षराचा बदल दाखवला.

१९९० मध्ये होल्ट आणि हार्डिंग यांनी एका कुटुंबात मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या ८९९३ या स्थानावरचा बदल शोधला, आणि सदोष डीएनएचे प्रमाण जितके जास्त तितका आजार गंभीर, असे त्यात दिसले. वर्गात हे उदाहरण जरूर घ्या; मेंडेलच्या गुणोत्तरांवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना प्रमाणाची ही कल्पना त्यातून लवकर उमगते.

प्राध्यापिका

मनापासून आभार. लेबर यांच्या आजारात बदल आईकडून सर्व मुलांना मिळतो, मग दृष्टी जाणाऱ्यांत पुरुषच अधिक का?

उत्तर (संशोधक)

याचे पूर्ण उत्तर अजूनही मिळालेले नाही. बदल असलेल्या सर्वांचीच दृष्टी जात नाही, त्यामुळे तो आवश्यक असला तरी पुरेसा नाही. हार्डिंग यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवले, की हाच बदल असलेल्या काही स्त्रियांना मल्टिपल स्क्लेरोसिससारखा (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण बिघडवणारा) आजार होतो. समुपदेशनात एवढे मात्र ठामपणे सांगता येते, की बाधित पुरुषाकडून हा बदल त्याच्या मुलांकडे जात नाही. त्याच्या बहिणीकडून जातो, तिची दृष्टी शाबूत असली तरी.

उत्तर (न्यूरॉलॉजिस्ट)

एक भर घालतो, कारण तिचा रुग्णाला थेट लाभ आहे. फ्रेडरिक अटॅक्सियासारखाच दिसणारा, पण ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा एक आजार हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये वर्णिला. आहारातील चरबी नीट पचत असूनही या रुग्णांच्या रक्तात ते जीवनसत्त्व टिकत नव्हते. असा रुग्ण वेळेत ओळखला आणि त्याला मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व दिले, तर आजार थोपवता येतो. म्हणून तरुण वयात तोल जाणारा कोणीही आला, तर जनुकचाचणीचा अहवाल येईपर्यंत न थांबता ई जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आधी करून घ्यावी.